गॅस गिझर, शेगडी आणि बंद दार: धुराचा अलार्म इथे का वाजत नाही?

रोहा शहराला लागून असलेल्या वरसे गावात थंडीत घर गरम ठेवायला कुणी हीटर लावत नाही. कोकणातल्या थंडीला एक गोधडी पुरते. तापवावं लागतं ते अंघोळीचं पाणी. घरातला मोठा धोकाही तिथेच, बाथरूमच्या बंद दाराआड असतो.

आग, स्फोट, वायुगळती हे शब्द या भागाला नवे नाहीत. जवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत १२ सप्टेंबर २०२४ रोजी एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि त्यात किमान तीन कामगारांचा जीव गेला. अशा घटनेनंतर कारखान्यांच्या सुरक्षेची चर्चा होते. घरातल्या गॅस गिझरची होत नाही.

नेमकं काय घडतं?

जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत १५ वर्षांची एक मुलगी अंघोळीला गेली आणि बाथरूममध्येच बेशुद्ध पडली. काही दिवसांनी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. मार्च २०२३ मध्ये रंग खेळून आलेलं एक दांपत्य घाटकोपरच्या फ्लॅटमध्ये, बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं. पोलिसांचा प्राथमिक संशय गॅस गिझरमधून निघालेल्या वायूवर होता.

दोन्हीकडे आग लागली नव्हती.

गॅस नीट जळायला भरपूर हवा लागते. छोट्या बाथरूममध्ये दार बंद, खिडकी बंद आणि गिझर चालू असेल, तर आतला ऑक्सिजन कमी होत जातो. मग गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. सिलिंडरच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. पण गॅस जळून तयार झालेल्या कार्बन मोनॉक्साईडला तो वास राहत नाही.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला २०० हून अधिक पट घट्ट धरून ठेवतं. त्यामुळे श्वास चालू असतो, पण मेंदूला ऑक्सिजन पोहोचत नाही. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, मग हातापायातली ताकद जाते. कडी उघडायचं भान राहीलच असं नाही.

पूर्वीही चूल आणि बंब होतेच ना?

होते. पण बंब बहुतेक अंगणात, पडवीत किंवा मागच्या दारी पेटायचा. पाणी तिथे तापायचं आणि बादलीतून न्हाणीत यायचं. शिवाय लाकडाचा धूर डोळ्यांत जायचा, खोकला यायचा, माणूस आपोआप बाजूला व्हायचा. गॅस गिझरने आग घराच्या सगळ्यात लहान खोलीत आणली आणि इशारा देणारा धूर मात्र काढून टाकला.

एक जुनी सवयही याच धोक्यात मोडते. बाळंतिणीला शेक देण्यासाठी दारं-खिडक्या लावून खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवली जाते. निखारे लाल झाले की धूर थांबतो, पण कार्बन मोनॉक्साईड निघतच राहतो. म्हणजे शेगडी ‘चांगली पेटली’ असं वाटतं तेव्हाही खोलीतली हवा सुरक्षित नसते.

थंड प्रदेशात फिरायला जाणाऱ्यांनाही हे लागू आहे. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळमधल्या आठ पर्यटकांचा एकाच खोलीत मृत्यू झाला. थंडीमुळे त्यांनी गॅस हीटर लावला होता आणि दारं-खिडक्या बंद होत्या.

मग अलार्म बसवला तर?

इथे मोठा गैरसमज आहे. बाजारात तीन वेगळी उपकरणं मिळतात.

• धुराचा अलार्म हवेतले धुराचे कण ओळखतो. आगीसाठी उपयोगी. छतावर लावतात.
• एलपीजी गळतीचा अलार्म न जळलेला गॅस ओळखतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने अलार्म जमिनीजवळ लावतात.
• कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म फक्त तो वायू ओळखतो.

साधा धुराचा अलार्म गॅस गिझरच्या विषारी वायूवर वाजत नाही. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म वाजतो, पण वाफेमुळे तो बाथरूमच्या आत लावू नये असं उत्पादकच सांगतात. म्हणून अलार्म हा दुसरा उपाय. पहिला उपाय म्हणजे गिझर बाथरूमच्या बाहेर काढणं.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. तिच्या देखभालीचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा द्यावं लागतं. पण या कायद्याचा भर आगीवर आहे. प्रत्येक घरात धुराचा किंवा कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म लावण्याची सक्ती राज्यात नाही.

इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म, तर गॅस बॉयलरसारखं उपकरण असलेल्या राहत्या खोलीत कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म लावणं घरमालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे ही काळजी कुटुंबालाच घ्यावी लागते.

घरी आजच काय करता येईल?

• गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवून फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणा.
• ते होईपर्यंत आधी बादली भरा, गिझर बंद करा, दार थोडा वेळ उघडं ठेवा आणि मगच अंघोळीला जा.
• खिडकीच्या जाळीवर पुठ्ठा किंवा प्लास्टिक लावू नका.
• एकामागोमाग एक अंघोळी होत असतील तर मध्ये हवा खेळू द्या. शेवटी जाणाऱ्याला धोका जास्त असतो.
• गिझरची ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसली तर तो वापरणं थांबवा आणि दुरुस्त करून घ्या.
• बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवू नका. शेकासाठी गरम पाण्याची पिशवी वापरा.

अंघोळीला गेलेली व्यक्ती हाकेला ओ देत नसेल तर वाट पाहू नका. दार उघडा किंवा तोडा, गॅस बंद करा, तिला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ वर फोन करा. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

कोविडच्या काळात अनेक घरांत आलेल्या ऑक्सिमीटरवर अशा वेळी विसंबू नका. कार्बन मोनॉक्साईडची विषबाधा झाली असली तरी त्यावरचा आकडा सामान्य दिसू शकतो. रुग्णालयात पोहोचताच डॉक्टरांना आधी हे सांगा: “बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता.”