कळ्ळक्कडलला उधाण म्हणू नका

वर्कल्याला गेल्यावर नेमका कोणता किनारा गाठावा, याची उत्तरं आता भारतातल्या सगळ्या भाषांत मिळतात, आणि सगळ्या भाषांत ती सारखीच असतात. गर्दी नको असेल तर ओडयम. फोटो हवे असतील तर काप्पिल. सर्फिंग शिकायचं असेल तर इडवा. सूर्यास्तासाठी नॉर्थ क्लिफ, काळ्या वाळूसाठी ब्लॅक बीच, आणि पापनाशमला 'एकदा धावती भेट द्यायला हरकत नाही'. मराठी, हिंदी, बंगाली, गुजराती अशी या मजकुराची शेजारी शेजारी मांडणी करून पाहिली, तर कोण कोणाचं भाषांतर आहे हे ओळखता येत नाही. तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्हाला मूळ आणि अनुवाद यांच्यातल्या फरकावर निबंध लिहायला लावत. इथे फरकच नाही, कारण मूळच नाही.

माझं भांडण पर्यटकांशी नाही, हे आधीच सांगते. ज्याला सुट्टी आहे त्याने समुद्रावर जावं. सर्फिंग करणाऱ्यांशी तर मुळीच नाही. त्यांच्याकडे पुढे येते. भांडण आपल्याशी आहे, म्हणजे जे प्रवासवर्णनं लिहितात, अनुवादित करतात आणि छापतात त्यांच्याशी. यादी बनवणारा निदान साहित्याचा आव आणत नाही. आपण मात्र त्याच यादीला थोडी हळवी विशेषणं लावतो, 'अस्पर्श', 'अनाघ्रात', 'कुणाच्याही नजरेस न पडलेला' असं म्हणतो, आणि तो ललित लेख होतो. कुणाच्या नजरेस न पडलेला? ज्या किनाऱ्यावर रोज पहाटे होड्या लोटल्या जातात तो?

'बीच' या शब्दापासूनच सुरुवात करू. मल्याळममध्ये कडप्पुरम हा शब्द आहे. त्यात वाळू येते, होड्या येतात, मासे येतात, आणि तिथे राहणारी माणसंही येतात. बीचमध्ये राहणारी माणसं येत नाहीत, फक्त येणारी-जाणारी येतात. एका प्रकाशनासाठी मी अनुवाद करत होते तेव्हा संपादकाने माझा 'कडप्पुरम' खोडून सगळीकडे 'बीच' केलं होतं. वाचकाला अडखळायला होतं, असं कारण दिलं. वाचकाने थोडं अडखळावं म्हणून तर तो शब्द ठेवला होता. बरं, मराठीच हवी होती, तर पुळण होती. कोकणात अजून पुळण म्हणतात. वेळास, वेळणेश्वर या गावांच्या नावात किनाऱ्याची वेळ शिल्लक आहे. तेही नको होतं. हवं होतं ते बीच, कारण बीचवर जायचं असतं आणि पुळणीवर कोणीतरी आधीपासून असतं.

हे नुसतं शब्दांचं लाड नाही. एक उदाहरण घेते. वर्कल्याच्या कड्याखाली जो मुख्य किनारा आहे त्याचं नाव पापनाशम. वर जनार्दनस्वामींचं जुनं देऊळ. कर्किडकम महिन्यातल्या अमावास्येला इथे पितरांना तर्पण करायला प्रचंड गर्दी लोटते, वावुबली म्हणतात त्याला. ती अमावास्या म्हणजे बहुधा आपली आषाढी अमावास्या, दिव्यांची अवस. भर पावसाळा, समुद्र खवळलेला, आणि ओल्या धोतरात, ओल्या साडीत रांगेने उभी असलेली माणसं. आता कोणतंही मार्गदर्शक पान उघडून बघा. जून ते सप्टेंबर: ऑफ सीझन. म्हणजे ज्या दिवशी या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त माणसं स्वतःच्या कामासाठी येतात, तो दिवस हंगामाच्या बाहेर पडतो. हंगाम कोणाचा, हा प्रश्न अनुवादकाने विचारायचा नाही तर कोणी विचारायचा? त्याच दिवसांत ट्रॉलिंगवर बंदी असते, जूनच्या पहिल्या पंधरवड्यापासून जुलैअखेरपर्यंत, 52 दिवस. किनाऱ्याचं अर्धं वर्ष या बंदीभोवती फिरतं. यादीत तिचा उल्लेख असलाच तर 'ताजे मासे कमी मिळतात' एवढाच.

तिरुवंबाडी किनाऱ्याला ब्लॅक बीच म्हणतात. वाळू काळसर आहे, तेव्हा नाव चुकीचं नाही, पण या नावापाशी कुतूहल थांबतं. याच किनारपट्टीवर थोडं उत्तरेला, कोल्लम जिल्ह्यातल्या चवरा भागात, काळ्या वाळूतल्या इल्मेनाइट आणि मोनाझाइटसाठी किती दशकं उत्खनन चाललं आहे. आलप्पाडच्या लोकांनी 2018-19 मध्ये त्याविरुद्ध आवाज उठवला, कारण त्यांची जमीनच उरत नव्हती. काळ्या वाळूबद्दल दोन ओळी लिहायच्या झाल्या तर त्या या असाव्यात. 'काळ्या मखमलीसारखी' हे मी गेल्या काही वर्षांत इतक्यांदा वाचलं आहे की मखमलीचाच राग यायला लागला आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो बरोबरही आहे. स्थानिक नाव म्हणजे कोणाचं नाव? पापनाशम हे संस्कृत नाव, देवळाकडून आलेलं. नारदाने वल्कल टाकलं म्हणून वर्कला, ही गोष्टही त्याच बाजूची. तिथून जवळच शिवगिरी आहे, नारायण गुरूंची समाधी. ज्या माणसाने कोणाला देवळात प्रवेश आहे आणि कोणाला नाही या प्रश्नावर आयुष्य वेचलं, त्याच्या गावात देवळाने दिलेलं नाव हेच 'अस्सल' असं मी म्हणणार नाही. होडी घेऊन जाणाऱ्यांची नावं आणखी वेगळी असतात, आणि ती पाट्यांवर लागत नाहीत. तेव्हा मी एका नावाच्या शुद्धतेसाठी भांडत नाही. नावांची ही भांडणं तरी दिसू द्या, एवढंच म्हणते. 'मेन बीच' म्हटलं की भांडणच संपतं. गोव्यात हे केव्हाच होऊन गेलं: ओझरानचं लिटल वागातोर झालं, आणि आता ओझरान म्हटलं तर टॅक्सीवाला आधी विचारात पडतो आणि मग म्हणतो, लिटल वागातोर ना?

आता सर्फिंगवाल्यांकडे. काप्पिल, इडवा, वेट्टकडा या पट्ट्यात पहाटे बोर्ड घेऊन बसलेली मुलं पाहिली की माझा राग निवळतो. कारण ती समुद्र वाचत असतात. वारा जमिनीवरून येतोय की समुद्रावरून, लाट उजवीकडे फुटते की डावीकडे, वाळूचा बांध गेल्या आठवड्यापासून सरकला का, दोन लाटांमध्ये किती सेकंद जातात. त्यांची इंग्रजी परिभाषा मला परकी वाटत नाही. ती होडीवाल्याच्या परिभाषेची सख्खी बहीण आहे. दोघांच्याही लेखी 'चांगला किनारा' असं काही नसतं. आज सकाळी चांगला असतो, किंवा नसतो. यादी बनवणारा त्यांच्याकडून फक्त नाव उचलतो, 'सर्फ टाऊन' हा शिक्का उचलतो, आणि त्यांना जे कळतं ते तिथेच टाकून येतो.

आणि आता मुद्द्यावर येते. कळ्ळक्कडल.

कळ्ळन म्हणजे चोर, कडल म्हणजे समुद्र. (ळ आणि क्क दोन्ही मराठीत जसेच्या तसे लिहिता येतात, हे आपलं भाग्य, आणि तरीही आपण हा शब्द घेत नाही.) आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि समुद्र एकाएकी किनारा ओलांडून आत येतो. कारण इथे नसतं. दूर दक्षिणेला, हिंदी महासागराच्या टोकाशी वादळ झालेलं असतं आणि तिथे उठलेली लांब फुगवट्याची लाट हजारो किलोमीटर चालून काही दिवसांनी केरळच्या किनाऱ्याला लागते. बहुतेक वेळा एप्रिल-मेमध्ये. केरळच्या मच्छीमारांचा हा शब्द समुद्रवैज्ञानिकांनी उचलला आणि 2012 मध्ये युनेस्कोने त्याला मान्यता दिली. हैदराबादची इंकॉइस ही संस्था याच नावाने इशारे देते. एका भारतीय भाषेतला, मासेमारीच्या रोजच्या बोलण्यातला शब्द जगाच्या विज्ञानात जातो, असं किती वेळा होतं?

मराठी बातम्यांत आणि मराठी प्रवासलेखांत त्याचं काय होतं? 'समुद्राला उधाण.'

उधाण हा फार चांगला शब्द आहे, पण तो दुसऱ्या गोष्टीचा आहे. उधाणाची भरती अमावास्या-पौर्णिमेची. तिच्या उलट भांगाची भरती अष्टमीच्या आसपासची. शाळेच्या भूगोलात आपण हे शिकलो. म्हणजे उधाणाला पंचांग आहे. ते कधी येणार हे कोळ्याला, पालिकेला आणि वर्तमानपत्राला आधीच ठाऊक असतं. मुंबईत भरती साडेचार मीटरच्या वर जाते, तिची वेळ छापून येते, आपण ती बघून घराबाहेर पडतो. या सवयीचा माणूस वर्कल्याला जातो. तिथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर. त्याला पाणी शांत वाटतं, कारण तो भरती बघतोय. त्या किनाऱ्यावर बघायचं असतं ते लाटेचं येणं, दोन लाटांमधलं अंतर, आणि लाल बावटा. आणि कळ्ळक्कडलला पंचांग नाही. म्हणून तर त्याला चोर म्हटलं. अशा माणसाला तुम्ही 'उधाण' शब्द दिलात, तर तुम्ही त्याला सांगता की तिथी बघ, अमावास्या नाही ना, मग जा.

बरं, महाराष्ट्रातलं कुटुंब केरळला कधी जातं? परीक्षा संपल्यावर. एप्रिलअखेर, मे. खोल्या स्वस्त झालेल्या असतात.

6 मे 2024 रोजी कन्याकुमारी जिल्ह्यात नागरकोविलजवळ गणपतिपुरमच्या किनाऱ्यावर वैद्यकीय शिक्षण घेणारे पाच तरुण बुडाले. त्या दिवसांत कळ्ळक्कडलचे इशारे दिलेले होते. तो किनारा पर्यटनाच्या तोंडी 'लेमूर बीच' आहे. नाव ऐकून लेमुरिया आठवतो, 1864 साली एका इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने मांडलेला आणि मग तमिळ कल्पनेत फार मोठा झालेला बुडालेला खंड. नाव बदललं म्हणून कोणी बुडत नाही, आणि त्या मुलांनी काय वाचलं होतं, काय नव्हतं, यावर मी काही बोलणार नाही. पण किनारा सुचवणाऱ्या आपल्या सगळ्या लिखाणात लेमूर बीचला जागा आहे, आणि कळ्ळक्कडलला नाही, हे मी बोलणार. तसंच मार्च 2024 मध्ये पापनाशमला पर्यटकांसाठी उभारलेल्या तरंगत्या पुलाचा कठडा लाटांच्या तडाख्यात तुटला आणि माणसं पाण्यात पडली. त्या पुलावरून काढलेल्या फोटोंची वर्णनं मराठीत अजून वाचायला मिळतात. कठडा तुटल्याचं त्यात नाही. कसं असेल? यादी एकदा लिहिली की लिहिली.

अनुवादक म्हणून मला माहीत आहे की प्रत्येक शब्द जसाच्या तसा ठेवता येत नाही. चाकर घ्या: पावसाळ्यात आलप्पुळाच्या बाजूला चिखलाचा थर लाट थोपवतो, पाणी निवतं, मासळी उसळते, तो चाकर. 'चेम्मीन' ज्यांनी वाचली त्यांना हा शब्द नवा नाही. मराठी वाचक त्याला नोकर समजणार. काप्पिलला तलाव आणि समुद्र यांच्यामधला वाळूचा बांध फुटतो त्या जागेला मल्याळममध्ये जे म्हणतात ते देवनागरीत लिहिलं तर पोळी होतं, आणि तुपाची आठवण येते. तिथे वाक्य फोडून सांगावं लागतं, सांगावं. काही ठिकाणी तर अगदी तंतोतंत शब्द आपल्याकडे असतो आणि आपणच तो विसरतो. किनाऱ्यावर दोन बाजूंनी दोर धरून वीस-तीस माणसं जाळं ओढतात, ती कंबवल म्हणजे आपली रापण. मालवणात रापण आहे, गोव्यात आहे. तरी लेखात येतं: 'कोळीबांधव जाळे ओढतानाचे मनोहारी दृश्य'. रापण म्हटलं असतं तर मालवणच्या वाचकाला लगेच कळलं असतं की ही मजुरी आहे, हिस्सा आहे, आणि आज जाळ्यात काही लागलं नाही तर भांडण आहे.

या नियतकालिकात दर अंकात निदान एक प्रवासलेख असतो, कधी मराठीतून, कधी मराठीत आलेला. माझी मागणी संपादकांकडे आणि माझ्या जातीच्या लोकांकडे, म्हणजे अनुवादकांकडे आहे. किनाऱ्याबद्दल लिहिताना महिना लिहा, नुसता हंगाम नको. जिथे दोन नावं आहेत तिथे दोन्ही लिहा. 'अस्पर्श' खोडा. आणि पुढच्या एप्रिलमध्ये इंकॉइसचा इशारा येईल, तेव्हा मराठीत कळ्ळक्कडल असंच छापा, ळ आणि क्क सकट, आणि पहिल्या वेळी कंसात सांगा की चोर-समुद्र, तिथीशी संबंध नाही.