आधी चौक, मग घरे

ग्रीक नगररचनेचा विषय निघाला की आपल्या व्यवसायात पहिले नाव येते मिलेटसच्या हिप्पोडेमसचे आणि पाठोपाठ काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचे. सारखे चौकोन म्हणजे समान नागरिक, हे समीकरण आपण विद्यार्थिदशेतच पाठ केलेले असते. आमच्या मते ते अपुरे आहे. लोकशाहीचे माहेरघर असलेले अथेन्स वाकड्यातिकड्या गल्ल्यांचेच होते. ग्रीकांचे राजकारण शोधायचे तर रस्ते किती सरळ आहेत यापेक्षा जमीन वाटताना कोणती जागा वाटली गेली नाही, हे पाहावे.

त्यासाठी सिसिलीच्या किनाऱ्यावरचे मेगारा हिब्लिया पाहण्यासारखे आहे. इ.स.पू. आठव्या शतकातली ही वसाहत हिप्पोडेमसच्या दोनशेहून अधिक वर्षे आधीची. वसाहतकऱ्यांनी साधारण 100 ते 120 चौरस मीटरचे प्लॉट पाडले. त्यांवरची पहिली घरे एकाच खोलीची, बाजू जेमतेम चार-पाच मीटर. रस्त्यांच्या दिशा एकमेकींशी जुळत नव्हत्या, त्यामुळे मधला चौकही समलंब झाला. पण एका खोलीत संसार थाटणाऱ्या या माणसांनी गावाच्या मधोमध एवढी मोठी जागा सर्वांसाठी राखली आणि तिथे घरे होऊ दिली नाहीत. भोवतीच्या स्तंभओवऱ्या आणि देवळे आली ती दोन-तीन पिढ्यांनंतर. इमारतीला पैसा नव्हता, तेव्हाही आरक्षण पाळले गेले!

अथेन्समध्ये इ.स.पू. 500च्या सुमारास अगोराच्या, म्हणजे सार्वजनिक चौकाच्या, कडेने हद्दीचे दगड रोवले गेले. ‘मी अगोराची हद्द आहे,’ असे ते दगड स्वतःच सांगतात. त्यांतला एक सापडला तो एका चांभाराच्या घराच्या कोपऱ्याला लागून. खाजगी दुकान दगडापर्यंत, पुढे सार्वजनिक भूमी. स्त्रिया, गुलाम आणि परके रहिवासी यांना सभेत मत नव्हते, हे विसरून या व्यवस्थेचे गोडवे गाऊ नयेत. तरीही हद्द कुणाची आणि कुठे, याबद्दलची ती स्पष्टता आपल्या कामात क्वचितच दिसते.

आपल्याकडे लेआउट करताना आधी प्लॉट बसवले जातात आणि शेवटी नाल्याकाठचा तिरका तुकडा ‘मोकळी जागा’ म्हणून रंगवला जातो. पुढचा आराखडा हाती घ्याल तेव्हा कोऱ्या कागदावर पहिली हद्द त्या जागेची आखा, तिचे कोपरे जमिनीवर दगड रोवून कायम करा आणि मगच विक्रीच्या प्लॉटकडे वळा, अशी आमची वाचकांना आग्रहाची विनंती आहे.