आधी आमचे रक्त तपासा



फवारणीचा हंगाम आला की सल्ल्यांचा पाऊस पडतो. हातमोजे घाला, तोंड बांधा. सल्ला खोटा नाही. पण भादव्याच्या उकाड्यात पाठीवर भरलेला पंप आणि अंगात रबरी कोट घेऊन दिवसभर पऱ्हाटीत कोण चालेल? न चालणाऱ्याला निष्काळजी ठरवले, की सगळे मोकळे!

२०१७ साल आठवा. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हाही पहिला दोष फवारणाऱ्यालाच मिळाला. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर २००५ साली बंद केले होते. कपाशीवर ते २०१७ मध्येही चालूच होते. खाणाऱ्याची काळजी झाली, फवारणाऱ्याची राहिली.

या गटातली औषधे श्वासातून आणि कातडीतूनही अंगात जातात. रक्तातल्या कोलिनेस्टरेज या घटकाचे काम ती बंद पाडतात. रोज थोडे थोडे. माणूस हिंडता-फिरता दिसतो आणि एक दिवस घाम, लाळ, उलट्या सुरू होऊन श्वास अडतो. हा घटक किती घटला, ते साध्या रक्त तपासणीत आधीच कळते. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत, नियम ३७ मध्ये, फवारणीच्या कामावरच्या माणसाची वैद्यकीय तपासणी कामाआधी आणि पुढेही ठरावीक काळाने करावी, असे लिहिले आहे. आपल्यापैकी कितीजणांची झाली? सभेत हात वर करून सांगा.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. हंगामाआधी आणि हंगामात प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताचे नमुने घ्या. ज्याचा घटक घटला त्याची फवारणी थांबवा. ॲट्रोपिन केंद्रातच ठेवा. जिल्ह्याच्या गावी पोचेपर्यंत माणूस थांबत नाही.

आणि थोडे आपल्याही घरात पाहू. आपला सालगडी, रोजंदारीचा मजूर आपल्याच शब्दावर पंप उचलतो. कीड मोजल्याशिवाय फवारा मारायचा नाही. लाल त्रिकोणाचा डबा टाळता येत असेल तर टाळायचा. दोन-तीन औषधे एकत्र कालवायची नाहीत. वाऱ्याच्या तोंडावर फवारायचे नाही. कपडे भिजले की काम बंद, अंघोळ आधी. त्या दिवसाची मजुरी मात्र पूर्ण द्यायची.

सरकारकडे नियमाचा हिशेब मागणाऱ्याने आपल्या बांधावरचा हिशेब चोख ठेवला पाहिजे.