‘रंगात थोडाफार फरक पडू शकतो’ असं लिहिण्याआधी



आपल्यातल्या कितीतरी जणी आता घरबसल्या साड्या, ड्रेस मटेरियल, तोरणं विकतात. प्रत्येकीच्या फोटोखाली एक ओळ ठरलेली असते: ‘फोटो आणि प्रत्यक्ष रंगात थोडाफार फरक पडू शकतो.’ माझ्याही फोटोंखाली ती असायची. गेल्या दिवाळीनंतर मी ती काढून टाकली. का काढली ते सांगताना थोडी लाज वाटते, पण सांगते.

मी आणि माझ्या जाऊबाई मिळून साड्या विकतो. त्या दुपारी गॅलरीत उजेडात फोटो काढतात. आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात, त्यामुळे संध्याकाळ मोकळी मिळते. मग मी लॅपटॉप उघडून फोटो नीट करायला बसते. साडी शेजारी ठेवायची, पडद्यावरचा रंग तिच्याशी जुळवायचा आणि ग्रुपवर टाकायचा. इतकी काळजी घेतो म्हणून मला अभिमानही होता.

एका काकूंनी लेकीच्या लग्नात विहीणबाईंना द्यायला साडी घेतली. विहीणबाईंना वाइन कलर आवडतो म्हणून मुद्दाम निवडलेली. साडी पोचल्यावर त्यांचा फोन आला, “अगं, मी वाइन मागवली, तू डाळिंबी पाठवलीस.” संध्याकाळची वेळ होती. मी लॅपटॉप उघडला, त्याच गठ्ठ्यातली दुसरी साडी फोटोशेजारी धरली. रंग तंतोतंत जुळला. माझा पारा चढला. म्हटलं, “काकू, फोटोत आहे तीच साडी दिली आहे. मन बदललं असेल तर तसं सांगा ना.” पलीकडून काहीच बोलणं आलं नाही. त्यांनी फोन ठेवला. साडी परतही पाठवली नाही.

पंधरा दिवसांनी जाऊबाई दुपारी हिशेब लिहायला लॅपटॉप घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, “अगं, ही डाळिंबी साडी फोटोत जांभळट का दिसतेय?” मी येऊन बघितलं. खरंच जांभळट! त्याच दिवशी सात वाजता पुन्हा बघितलं तर पुन्हा डाळिंबी. साडी कपाटात होती, फोटो लॅपटॉपमध्ये होता. दोन्हीला कोणी हात लावला नव्हता.

लेकाने दोन मिनिटांत कारण शोधलं. पावसाळ्यात माझे डोळे दुखत होते, तेव्हा मी लॅपटॉपमध्ये ‘नाइट लाइट’ सुरू केला होता, सूर्यास्त ते सूर्योदय. हा नाइट लाइट पडद्यावरचा निळा प्रकाश कमी करतो, त्यामुळे सगळंच पिवळट दिसतं. डोळे त्याला पाच-दहा मिनिटांत सरावतात आणि पडदा पिवळा झाला आहे हे आपल्याला कळतही नाही. त्या पिवळ्या पडद्यावर रंग जुळावा म्हणून मी प्रत्येक फोटोत नकळत निळा वाढवत होते. माझ्या पडद्यावर डाळिंबी दिसायची, बाकी सगळ्यांच्या मोबाइलवर वाइन.

मी काकूंना फोन करून माफी मागितली, दुसरी साडी पाठवते म्हटलं. त्या म्हणाल्या, “साडीचं राहू दे. विहीणबाईंसाठी मी आयत्या वेळी दुसरी घेतली. पण तू मला खोटं ठरवलंस, ते लागलं.”

म्हणून माझं मत असं झालं आहे की ‘थोडाफार फरक पडू शकतो’ ही ओळ लिहिण्याचा हक्क आपला पडदा तपासल्यावरच मिळतो. त्याआधी ती नुसती ढाल आहे. चूक कोणाचीही असो, भुर्दंड गिऱ्हाइकाने सोसायचा.

एक मैत्रीण मला म्हणाली, “प्रत्येकीचा मोबाइल वेगळा रंग दाखवतो. मग आपलाच लॅपटॉप नीट करून काय उपयोग?” मोबाइल वेगळे असतात हे खरं. काहींमध्ये रंग भडक दाखवणारी सोय सुरूच असते. पण एकीच्या मोबाइलची चूक तिच्यापुरती राहते. आपल्या पडद्याची चूक आपण काढलेल्या प्रत्येक फोटोत शिरते आणि सगळ्यांकडे जाते. गिऱ्हाइकाचा अंदाज चुकला तरी चालेल, दुकानदाराचा काटा चुकून कसं चालेल?

आता काटा कसा तपासायचा ते सांगते. अवघड काही नाही.

आधी दोष फोटोत आहे की पडद्यात, ते ठरवा. तोच फोटो दोन वेगळ्या मोबाइलवर बघा. सगळीकडे जांभळट दिसला तर फोटो बिघडला आहे. फक्त लॅपटॉपवर वेगळा दिसला तर लॅपटॉप बघायचा. पडद्याचा स्क्रीनशॉट काढून दुसरीकडे पाठवला आणि तिथे तो स्वच्छ दिसला, तरी दोष लॅपटॉपच्या पडद्याकडे किंवा त्याच्या रंगाच्या सेटिंगकडे आहे असं समजा.

मग सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात डिस्प्ले उघडा आणि नाइट लाइट बंद करा. मॅक असेल तर नाइट शिफ्ट आणि ट्रू टोन दोन्ही बंद करा. ट्रू टोन खोलीतल्या उजेडाप्रमाणे रंग बदलत राहतो. एचडीआर सुरू असेल तर साधे फोटो फिके दिसू शकतात, तेही बंद करून बघा. लॅपटॉपसोबत कंपनीचं एखादं ॲप येतं, त्यात ‘व्हिव्हिड’ किंवा डोळ्यांच्या आरामाची सोय असते. ती साध्यावर आणा. पडदा अचानक काळा-पांढरा झाला तर घाबरू नका, ॲक्सेसिबिलिटीमधलं कलर फिल्टर चुकून सुरू झालेलं असतं.

एवढ्यानेही रंग सुधारला नाही तर कलर मॅनेजमेंटमध्ये जाऊन जुनं, चुकीचं कलर प्रोफाइल काढा आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करा. पडदा मागेपुढे करताना रंग बदलत असेल किंवा रेघा येत असतील तर आतली केबल सैल असू शकते. लॅपटॉपला टीव्ही जोडून बघा. टीव्हीवर रंग नीट असेल तर सेटिंगशी खेळत बसू नका, सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या.

शेवटी कॅलिब्रेशन. विंडोजच्या शोधपट्टीत ‘कॅलिब्रेट डिस्प्ले कलर’ लिहिलं की ते उघडतं. लॅपटॉप अर्धा तास चालू ठेवून मग बसा, पडद्यावर खिडकीचा उजेड पडू देऊ नका. आधी गॅमा येतो, म्हणजे गडद आणि फिक्याच्या मधल्या छटा. मग ब्राइटनेस. नंतर करड्या रंगाच्या पट्ट्या दिसतात आणि लाल, हिरवा, निळा अशा तीन कळा. करडा अगदी करडा दिसेपर्यंत त्या सरकवायच्या, कुठल्याही रंगाची झाक नको. शेवटी आधीचं आणि आताचं असं दोन्ही पडताळून बघता येतं. हे सगळं डोळ्यांच्या अंदाजाने होतं. अगदी नेमकं हवं असेल तर पडद्यावर ठेवून रंग मोजणारं कलरीमीटर नावाचं यंत्र मिळतं. धंदा मोठा असेल तर ते घ्यावं. आमच्यासारख्यांना त्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कॅलिब्रेशनने होत नाही. पडद्यात जो रंग नाहीच, तो त्यात आणता येत नाही. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एसआरजीबी नावाचं रंगांचं एक माप मांडलं, आजही बहुतेक फोटो त्याच मापात असतात. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असेल तर तो त्या मापातले जेमतेम ६०-६५ टक्के रंग दाखवतो. राणी, मोरपंखी हे रंग अशा पडद्यावर मरगळलेले दिसणारच. काही स्वस्त पडद्यांवर तर मान जरा वरखाली केली तरी रंग बदलतो, म्हणून समोर ताठ बसून बघावं. आणि धूपछाँव पैठणीचं काय सांगावं! तिचा ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, नेसून चाललं की दोन्ही चमकतात. एका फोटोत त्यातला एकच रंग पकडला जातो.

म्हणून आता आम्ही तीन नियम केले आहेत. रंग जुळवण्याचं काम दिवसा, नाइट लाइट बंद करून. प्रत्येक फोटोत साडीच्या कडेला पांढरा कागद ठेवायचा. तो कागद पिवळा किंवा निळा दिसला तर फोटोचा रंग घसरला आहे हे बघणारीलाही कळतं. आणि नुसता नंबर न टाकता रंग शब्दांत लिहायचा: डाळिंबी, लालसर, जांभळी झाक नाही. ‘वांगी’, ‘चिंतामणी’, ‘आमसुली’ म्हटलं की आपल्या बायकांना जे कळतं, ते पडदा सांगू शकत नाही.

अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत शिकलो. त्यात हीनाधिक मानोन्मान आहे, म्हणजे मापात कमीजास्त करणं. लहानपणी मला वाटायचं हे धान्य आणि तेल विकणाऱ्यांसाठी आहे, आपला काय संबंध? आज माझं माप म्हणजे हा पडदा. मी जाणूनबुजून काही केलं नव्हतं, पण माप न तपासता समोरच्या बाईला खोटं ठरवलं. हेतू वाईट नव्हता, प्रमाद मात्र होता. फोटो जरा जास्त खुलवून टाकणाऱ्यांनीही यावर विचार करावा असं मला वाटतं. तिथे तर पडद्याचाही दोष नसतो.

विकत घेणाऱ्या मैत्रिणींनाही एक सांगणं आहे. रात्री अंथरुणात पडून, मोबाइलचा पिवळा उजेड सुरू असताना साडीचा रंग ठरवू नका. सकाळी एकदा बघा आणि शंका असेल तर रंगाचं नाव विचारा.

माझ्या फोटोंखाली आता वेगळी ओळ असते: ‘रंगाबद्दल शंका असल्यास फोन करा, साडी दिवसाच्या उजेडात बघून सांगेन.’ फोन वाढले आहेत, वेळ जातो. पण परवा त्या काकूंचाच फोन आला. नातीच्या बारशासाठी साडी हवी होती. पहिला प्रश्न होता, “आत्ता उजेडात बघतेस ना?” मी साडी घेऊन गॅलरीत गेले.