शेवटच्या रात्रीचा चमत्कार आणि मार्च एंडची स्कीम



फेब्रुवारी संपत आला की आमच्या ट्रेनिंगवाल्यांच्या दुनियेत एकच सूर लागतो. "शेवटच्या चेंडूपर्यंत हार मानायची नाही." टार्गेट बाकी असेल तर रात्रीचा दिवस करा, स्टाफला कामाला लावा, ३१ मार्चला चमत्कार घडवा. उदाहरण म्हणून कधी क्रिकेट येतं, कधी अमेरिकन बेसबॉल. आरसीबीची २०२४ ची गोष्ट तर तुम्हाला पाठच असेल. पहिल्या आठ सामन्यांत एक विजय, मग सलग सहा जिंकून चेन्नईला नेट रन रेटवर मागे टाकलं आणि प्लेऑफ गाठलं. बेसबॉलमध्ये याच जातीची सगळ्यात गाजलेली गोष्ट आहे २०११ च्या टॅम्पा बे रेज या संघाची. माझं म्हणणं असं की ही गोष्ट उलटी सांगितली जाते, आणि उलटी ऐकून आपले छोटे व्यापारी मार्चमध्ये हात पोळून घेतात. म्हणून आज ती नीट, आकड्यांसकट बघू.

ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये प्रत्येक संघ एप्रिल ते सप्टेंबर तब्बल १६२ सामने खेळतो, जवळजवळ रोज. आयपीएलसारखे गुण नाहीत, बोनस नाही, रन रेट नाही. जिंकलात किती आणि हरलात किती, बस्स. २०११ साली प्रत्येक लीगमध्ये तीन गटविजेते प्लेऑफला जायचे, आणि उरलेल्यांत जो सगळ्यात वर तो एकटा 'वाइल्ड कार्ड' घेऊन जायचा. आता या जागा वाढल्यात, पण त्या वर्षी जागा एकच होती.

ऑगस्ट संपला तेव्हा बॉस्टन रेड सॉक्स आरामात पुढे होते. ८३ विजय, ५२ पराभव. रेज ७४ विजय, ६१ पराभव. म्हणजे ९ सामने मागे, आणि हातात उरलेले सामने फक्त २७. बॉस्टनच्या खेळाडूंच्या पगाराचा हिशोब सुमारे १६ कोटी डॉलर, रेजचा जेमतेम ४ कोटींच्या आसपास. मॉलशेजारचं किराणा दुकान म्हणा ना!

मग आली २८ सप्टेंबरची रात्र. दोघांचे विजय सारखे, दोघांचा शेवटचा सामना. रेज आपल्या मैदानावर न्यूयॉर्क यँकीजशी खेळत होते आणि सातव्या डावानंतर ०-७ ने मागे होते. आठव्यात त्यांनी ६ धावा काढल्या. नवव्यात दोन बाद, आणि समोरच्या फलंदाजावर दोन स्ट्राइक झालेले. तिसरा झाला की खेळ खलास. फलंदाज होता डॅन जॉन्सन, त्या हंगामातली सरासरी .१०८, म्हणजे दहा वेळा गेला तर एकदा धड फटका लागायचा. त्याने होमरन मारून बरोबरी केली. तिकडे बाल्टिमोरला बॉस्टन ३-२ ने पुढे होते, शेवटच्या डावात दोन बाद, तिथेही दोन स्ट्राइक. तिथून ते ३-४ ने हरले. पुढच्या काही मिनिटांत, बाराव्या डावात, रेजच्या इव्हान लोंगोरियाने होमरन ठोकला. ८-७. रेज आत, बॉस्टन बाहेर.

अंगावर काटा येतो, खरंच येतो. आणि रील इथेच संपते.

आता वही काढा.

त्या सप्टेंबरमध्ये रेजने २७ पैकी १७ जिंकले, १० हरले. चांगला महिना, पण चमत्कार म्हणावा असा नाही. बॉस्टनने २७ पैकी ७ जिंकले, २० हरले. खरी उलथापालथ तिकडे झाली. बॉस्टनने २७ मध्ये ९ जिंकले असते, म्हणजे तीनात एक, तरी रेजची ती रात्र कितीही थरारक असो, ते घरी बसले असते आणि आज डॅन जॉन्सनचं नाव कुणी घेतलं नसतं.

पण यातसुद्धा एक बारकावा आहे, आणि माझ्या मते धंदेवाल्याने उचलायचा तो हाच. २७ पैकी ७ सामने या दोन संघांचे एकमेकांशी होते. आधी ९ ते ११ सप्टेंबर रेजच्या घरी तीन, मग १५ ते १८ सप्टेंबर बॉस्टनच्या घरी चार. रेजने त्यातले ६ जिंकले. समोरासमोरचा सामना जिंकला की आपला एक वाढतो आणि त्याच वेळी समोरच्याचा एक जातो, म्हणजे अख्ख्या एका सामन्याचं अंतर कापलं जातं. या सात सामन्यांतच अंतर पाचाने कमी झालं. उरलेल्या २० सामन्यांत रेजचा हिशोब काय होता माहितीये? ११ विजय, ९ पराभव. अगदी साधा. म्हणजे बाकी सगळीकडे त्यांनी फक्त गाडा चालू ठेवला. जिथे एका विजयाचं मोल दुप्पट होतं तिथे मात्र सोडलं नाही.

आपल्या दुकानात हा 'दुप्पट मोलाचा सामना' कोणता? माझ्या अनुभवात बहुतेकांसाठी तो नवी विक्री नसतो, जुनी वसुली असते. मार्चमध्ये उधारीवर, वर डिस्काउंट देऊन दोन लाखांचा माल खपवला तर आकडा वाढतो, गल्ला वाढत नाही. तेच दोन लाख सहा महिने अडकलेल्या पार्टीकडून आणले तर रोकड येते, ओव्हरड्राफ्टचं व्याज थांबतं, आणि ती पार्टी बुडण्याची भीतीही जाते. पण वसुलीला फोन करायला लाज वाटते, विक्रीला जायला वाटत नाही. म्हणून माणूस विक्रीच्या मागे धावतो. टार्गेटच्या चार्टवर सेल्सचा रकाना असतो, वसुलीचा कुणी लावतच नाही.

आता बॉस्टनकडे या. एवढा पैसेवाला संघ असा कोसळला कसा? हंगाम संपल्यावर तिथल्या पेपरात बातम्या आल्या की काही पिचर सामना चालू असताना आत बसून फ्राइड चिकन खायचे, बिअर प्यायचे. लोकांना कारण मिळालं: शिस्त नव्हती! मला हे कारण कधीच पटलं नाही. आणखी दोन सामने जिंकले असते तर याच चिकनला लोकांनी 'टीम बॉन्डिंग' म्हटलं असतं.

खरं कारण रुक्ष आहे. बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा पिचर पाच दिवसांतून एकदा खेळतो, कारण खांदा त्याहून जास्त सोसत नाही. असे पाच जण आळीपाळीने सहा महिने चालवायचे. बॉस्टनचा क्ले बुकोल्झ जूनमध्येच पाठीच्या दुखापतीने गेला. दाइसुके मात्सुझाकाच्या कोपराची शस्त्रक्रियाही जूनमध्येच झाली. बदली माणसं तयार नव्हती. उरलेल्यांवर ताण आला, आणि सप्टेंबरमध्ये त्यांचे सुरुवातीचे पिचर अक्षरशः मार खात होते. शेवटच्या रात्री जॉन लेस्टरला नेहमीपेक्षा एक दिवस कमी विश्रांती देऊन उतरवलं. तो चांगला खेळला हो, सहा डावांत दोनच धावा दिल्या. पण सामना बंद करायला आलेला जोनाथन पॅपलबॉन तीनच दिवसांपूर्वी १४ डाव लांबलेल्या सामन्यात नेहमीच्या दुपटीहून जास्त वेळ टाकून आला होता. एका माणसाला पिळून तुम्ही एक रात्र काढता, पण दुसऱ्याचा दम आधीच संपलेला असतो.

रेजकडे पैसे नव्हते, म्हणून त्यांना माणसं राखून ठेवायची सवय होती. जेम्स शील्ड्स २०१० मध्ये फार वाईट खेळला होता. त्याला काढला नाही, आणि २०११ मध्ये त्याने ११ सामने एकट्याने शेवटपर्यंत टाकले. आदल्या वर्षी असा एकही नव्हता. मॅट मूर हा २२ वर्षांचा पोरगा खालच्या लीगमध्ये तयार होत होता. त्याला सप्टेंबरमध्ये वर आणलं, आणि २२ तारखेला त्याने यँकीजच्या मैदानावर ११ जणांना स्ट्राइकआउट केलं. आणि तो .१०८ वाला जॉन्सन? २००८ च्या सप्टेंबरमध्ये ऐनवेळी बदली म्हणून येऊन त्याने याच पॅपलबॉनला बॉस्टनमध्ये होमरन मारला होता. मॅनेजर जो मॅडन यांनी त्याला देवाच्या भरवशावर पाठवलं असं म्हणता येणार नाही. या माणसाने असं काम पूर्वी केलंय, हे त्यांना माहीत होतं.

आणि नशीब? होतंच. यँकीजचं प्लेऑफचं तिकीट आधीच पक्कं झालं होतं. त्या रात्री त्यांनी आपले हुकमी पिचर राखून ठेवले, मारियानो रिव्हेराला काढलंच नाही. जीव तोडून खेळायचं त्यांना कारणच नव्हतं. हे सांगितलं की रीलची मजा जाते, म्हणून कुणी सांगत नाही. आणखी एक गंमत बघा. कार्ल क्रॉफर्ड हा रेजचा वर्षानुवर्षांचा स्टार. आधीच्या हिवाळ्यात बॉस्टनने त्याला सात वर्षांसाठी १४ कोटी २० लाख डॉलर देऊन पळवला. बाल्टिमोरला शेवटचा फटका ज्याच्या हातमोज्यातून निसटला तो क्रॉफर्डच.

अजून एक हिशोब राहिला, एप्रिलचा. त्या वर्षी दोन्ही संघ पहिले सहाच्या सहा सामने हरले होते. रेज १-८, बॉस्टन २-१०. तेव्हा सगळे म्हणाले, "अजून खूप हंगाम बाकी आहे." शेवटी रेज ९१ विजय, बॉस्टन ९०. एप्रिलमधल्या त्या दहा पराभवांतला एक जरी विजय झाला असता तरी बॉस्टनला निदान आणखी एक सामना खेळायला मिळाला असता. एप्रिलचा सामना आणि सप्टेंबरचा सामना तक्त्यात एकाच वजनाचा. आपल्याकडे एप्रिल-मेची सुस्ती कुणी मोजत नाही, आणि मार्चमध्ये मात्र पोरांना रात्री अकरापर्यंत दुकानात बसवतात.

आता मूळ मुद्दा, कंपनीची स्कीम. समजा तुम्ही डीलर आहात. वर्षाची खरेदी ४० लाखांवर गेली तर पूर्ण खरेदीवर दीड टक्का, म्हणजे ६०,००० रुपये मिळणार. २५ मार्चला तुम्ही ३४ लाखांवर आहात. सेल्स ऑफिसर येतो, चहा पितो आणि म्हणतो, "शेठ, सहा लाखच तर राहिलेत, आजपर्यंत कधी हरलात का?" झालं! सहा लाखांचा माल गोदामात. तो खपायला पाच महिने. वार्षिक १५ टक्क्यांनी, माल हळूहळू कमी होतोय असं धरलं तरी सुमारे १९,००० रुपये व्याज. काढायला ५ टक्के जादा सूट दिली तर ३०,०००. साठातले उरले अकरा हजार, आणि त्यात गोदामाची जागा, खराब माल, उंदीर धरलेले नाहीत. वर कंपनी पुढच्या वर्षीचं टार्गेट याच फुगलेल्या ४० वर चढवणार.

बेसबॉलची उपमा इथे तुटते, आणि ती तुटते हे सांगणं माझं काम आहे. त्यांची पाटी दर एप्रिलला कोरी होते, सगळे संघ शून्यावर. तुमची होत नाही. तुमच्या एप्रिलच्या पाटीवर सहा लाखांचा माल आधीच लिहिलेला असतो. ज्याला हा माल पहिल्या दीड महिन्यात खपवायची पक्की गिऱ्हाइकं आहेत, त्याने जरूर उचलावा. तिथे मी अडवणार नाही. पण "हरायचं नाही" एवढ्याच कारणासाठी उचलत असाल तर ६०,००० सोडून द्या. खुशाल सोडा. सेल्स ऑफिसरचं टार्गेट ही त्याची प्लेऑफ आहे, तुमची नाही.

रेजचं पुढे काय झालं, तेही रीलमध्ये नसतं. ३० सप्टेंबरला टेक्सास रेंजर्सविरुद्ध पहिला सामना त्या २२ वर्षांच्या मूरने ९-० असा जिंकून दिला. नंतरचे तिन्ही हरले आणि ४ ऑक्टोबरला हंगाम संपला.

पुढच्या व्हिडिओत हेच स्लॅबचं गणित कागदावर करून दाखवतो. तोवर दोन गोष्टी हाताशी काढून ठेवा: तुमच्या कंपनीच्या स्कीमचं सर्क्युलर, आणि ९० दिवसांच्या वरच्या उधारीची यादी. यादीतल्या पहिल्या तीन पार्ट्यांना जमलं तर उद्याच फोन करा. सकाळी अकराच्या आत, कारण दुपारनंतर 'साहेब बाहेर गेलेत' हे ठरलेलं असतं.