हिरड्यांचा दाह आणि रक्तांतील साखर

आमच्या परभणी जिल्ह्यांत काय किंवा इतरत्र काय, घरांतील वडील माणसाच्या हिरड्यांतून रक्त येऊं लागलें, दांत हलूं लागले, म्हणजे "वय झालें" एवढें म्हणून सर्वजण मोकळे होतात. कोणी तुरटीच्या गुळण्या सुचवितो, कोणी बाभळीची काडी आणून देतो. त्याच व्यक्तीला मधुमेह असला, तर तो आजार निराळा व त्याचे डॉक्टर निराळे, असा आपला हिशेब असतो. वस्तुतः हे दोन्ही आजार एकमेकांस पोसतात. कुटुंबांतील कर्त्या माणसांनीं हें जाणून घेणें अवश्य आहे, म्हणून यावेळीं आम्हीं हाच विषय घेतला आहे.

ही सांगड अगदींच नवी नव्हे. सुश्रुतानें प्रमेहाचीं पूर्वरूपें सांगतांना तहान व तळहात-तळपायांचा दाह यांबरोबरच श्वासाची दुर्गंधि आणि टाळू, जीभ व दांत यांवर मळ सांचणें हींही लक्षणें मोजलीं आहेत. १९९३ सालीं हॅराल्ड लो या दंतशास्त्रज्ञानें हिरड्यांच्या आजारास मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटलें. डोळे, मूत्रपिंडें, मज्जातंतु व रक्तवाहिन्या यांचे विकार आणि लवकर न भरणारी जखम, हे पहिले पांच.

आतां हा संबंध घडतो कसा तें पाहूं. दांत व हिरडी यांमध्यें एक सूक्ष्म फट असते. निरोगी माणसांत ती एक ते तीन मिलिमीटर खोल भरते. दांतांवरचा चिकट थर रोज निघाला नाहीं तर त्याचें कीटण बनतें, त्यांत जंतु वाढतात, आणि फट खोल होत जाते. जंतूंशीं झगडण्यासाठीं शरीर तेथें दाह उत्पन्न करतें. त्या फटींतून पाझरणारा द्राव व तोंडांतील लाळ तपासली असतां इंटरल्यूकिन-६, टी.एन.एफ.-अल्फा यांसारखीं दाहसूचक द्रव्यें वाढलेलीं आढळतात. तीं तोंडांतच राहतीं तर एक वेळ चाललें असतें. परंतु त्यांचा अंश रक्तांत उतरतो, यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन अधिक निर्माण करूं लागतें, आणि स्नायु व मेद यांच्या पेशी इन्सुलीनची आज्ञा नीट मानीनाशा होतात. साखर रक्तांतच राहते. उलट बाजूनें, वाढलेली साखर हिरड्यांतील बारीक रक्तवाहिन्या बिघडविते व दाह विझूं देत नाहीं. मग दांतांचा आधार असलेलें हाडही झिजूं लागतें.

दाहाचें उगमस्थान केवळ हिरड्याच, असें मात्र नव्हे. शरीरांत सांठलेला मेदही त्यास कारण होतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं खेडीं, झोपडपट्टी व शहरी मध्यमवर्ग अशा तीन वस्त्यांतील मध्यमवयीन पुरुष तपासून २००८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेद व दाहसूचक द्रव्यें खेडुतांपेक्षां शहरी मध्यमवर्गांत अधिक भरलीं. म्हणजे बैठें काम करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरीं एक विस्तव आधींच धुमसत असतो. त्यांत हिरड्यांनीं आणखी सरपण कां घालावें?

यावर उपाय आहे, हें समाधान. २०२२ सालीं कॉक्रेन संस्थेनें अनेक चांचण्यांचा एकत्र आढावा घेतला. हिरड्यांखालचें कीटण दंतवैद्याकडून काढविल्यावर मधुमेही रुग्णांचा एचबीएवन्सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा आंकडा, तीन-चार महिन्यांनीं सरासरी ०.४३ टक्क्यानें उतरला. उतार लहान दिसतो, पण मधुमेहाच्या हिशेबांत तो नगण्य नव्हे. मात्र एवढ्यावरून कोणीं औषध वा पथ्य सोडूं नये, आणि लाळेची तपासणी रक्ताच्या तपासणीच्या जागीं धरूं नये.

व्यवहारांत करावयाचें तें थोडें आहे. ज्यास मधुमेह आहे त्यानें वर्षांतून एकदां तरी दंतवैद्यास हिरड्या दाखवाव्या. ज्याच्या हिरड्यांतून वारंवार रक्त येतें त्यानें साखर तपासून घ्यावी. तीस वर्षांवरील माणसांच्या या तपासणीची सरकारी आरोग्य केंद्रांत सोय असते. सकाळीं व रात्रीं निजण्यापूर्वीं मऊ ब्रशानें दांत घासावे, आणि मिश्री सोडावी. आमच्या भागांत पुष्कळ बायका दांतांस ती लावतात, परंतु ती भाजलेली तंबाखूच होय, हिरड्यांचें औषध नव्हे.

शेवटीं एक विनंती. एकत्र कुटुंबांत पुरुषांची दुखणीं चारचौघांत बोललीं जातात. आजी किंवा काकू मात्र सर्वांच्या मागून जेवते, भाकरी ताकांत कुसकरून घेते, आणि दांत दुखतो असें बोलत नाहीं. तिनें भाकरी कुसकरावयास केव्हांपासून आरंभ केला, एवढें तरी घरांतल्यांनीं तिला विचारावें आणि मग तिला दंतवैद्याकडे न्यावें.