सिगार वळण्याआधी थोडा हिशेब



परवा मिस्सेनंतर दोन-तीन तरुण आमच्याकडे आले. "फादर, तंबाखू आपला, आणि शहरात एकेक सिगार शेकडो रुपयांना जातो. आपणच घरी थोडे सिगार वळून विकले तर?" व्यापाऱ्याच्या भावावर का जगावे, हा त्यांचा प्रश्न आम्हाला पटतो. १९८१ साली याच प्रश्नासाठी निपाणीचा शेतकरी रस्त्यावर बसला आणि गोळीबारात माणसे गेली. म्हणून हसण्यावारी न नेता आम्ही त्यांच्याबरोबर हिशेबाला बसलो.

एका सिगारला पंधरा ग्रॅमच्या आसपास तंबाखू लागतो, म्हणजे किलोत सुमारे सत्तर सिगार. किलोचा भाव दोनशे धरला तरी एका सिगारमागे पाल्याचे तीन रुपयेही होत नाहीत. मग उरलेले पैसे कशाचे? मुख्यतः थांबण्याचे! सिगारचे पान सावलीत टांगून महिना-दीड महिना वाळवतात, थप्पी लावून आंबवतात, पुन्हा पुन्हा उलथतात, मग कित्येक महिने मुरवतात. वळल्यावरही ओलावा सांभाळून ठेवावे लागते, नाहीतर कीड लागते. पीक निघाल्यापासून पैसा हाती येईपर्यंत दोन वर्षे सहज जातात. सोसायटीचे कर्ज मात्र मार्चमध्ये दारात उभे असते. वखारवाला थांबू शकतो. आपण थांबू शकत नाही म्हणूनच तर त्याला माल देतो.

शिवाय आपले पान त्या कामाचे नाही. आपण बिडीचा तंबाखू उन्हात वाळवून त्याचा जर्दा करतो. सिगारच्या वरच्या वेष्टनाला पातळ, लवचिक, एकही भोक नसलेले पान लागते. त्याचे वाण, जमीन आणि हवा निराळी. दिंडिगलकडे चिरूट पिढ्यान् पिढ्या वळतात, तो हात आठवड्याच्या शिबिरात येत नाही. त्यात सिगारवरचा कर बिडीपेक्षा कितीतरी जड आणि २००३ च्या कायद्याने जाहिरात बंद. नव्या मालाचे नाव लोकांना कळणार कसे?

या पानावर आरोग्याचेही बोलले पाहिजे. सिगारचा धूर आत ओढत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, हा समज खोटा आहे. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर त्यानेही होतो. आणि पिकवणाऱ्यालाही त्रास असतोच. दव पडलेल्या तंबाखूत शेंडे खुडून आलेल्या बायकांना मळमळ होते, चक्कर येते. ते पित्त नव्हे, कातडीतून शिरलेले निकोटीन असते. दव वाळल्यावर कामाला लागावे, लांब बाह्यांचे कपडे आणि हातमोजे घालावेत, घरी येताच साबणाने हात धुवावेत. गरोदर बाईला त्या शेतात पाठवूच नये.

"मग लावायचे काय?" जाता जाता एकाने विचारले. पाणी नसलेल्या माळावर एका शब्दात देण्यासारखे उत्तर आमच्याजवळ नाही. सोयाबीन, भुईमूग करणाऱ्या चार घरांचा खर्च आणि उत्पन्न आम्ही मांडून पाहणार आहोत. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या वर्गात बसू. ज्यांच्याकडे वही आहे त्यांनी वही आणावी, नसेल त्यांनी खताच्या पावत्या.